छातीतल्या गाठीची सुई : पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

"सिस्टर, घशातनं सुई घालणार म्हणे की ओ? मग बोलणं-बिलणं जाईल काय?"

खानापूरकडच्या एका काकांनी मला हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात सीटीचा मोठा लिफाफा होता. आतला रिपोर्ट घरातल्या बारावीच्या पोरानं मोबाइलवर शोधून 'कॅन्सरच असणार' असा निकालही देऊन टाकला होता. काकांचं बोलणं गेलं नाही. गाठ टीबीची निघाली आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती विरघळली.

बेळगावात ब्रॉन्कोस्कोपी रूममध्ये, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून तपासतात तिथे, स्टाफ नर्स म्हणून मी बारा वर्षं काढली. पेशंट आत घेताना दारात जेमतेम पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथे लिहितेय. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. सुई टोचायचं काम काही सेकंदांचं असतं. बायोप्सी, म्हणजे तपासायला नमुना काढणं, वाया जाते ती बहुतेक वेळा त्याच्या आधी किंवा नंतर. आधी, म्हणजे एखादी गोळी बंद करायची राहून जाते. नंतर, म्हणजे नमुना चुकीच्या बाटलीत पडतो. या दोन्ही ठिकाणी घरच्या माणसाला करण्यासारखं बरंच असतं.

आधी गाठ कुठे आहे ते विचारा

दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत श्वासनळी, अन्ननलिका, हृदय आणि मोठमोठ्या रक्तवाहिन्या दाटीवाटीनं बसलेल्या असतात. त्यांच्या आजूबाजूला लसिका ग्रंथी असतात, मुगाच्या-मटकीच्या दाण्याएवढ्या. सर्दी-खोकल्यानंही त्या थोड्या फुगतात. सीटीमध्ये ग्रंथीची आखूड बाजू १० मिलिमीटरपेक्षा मोठी दिसली की रिपोर्टात ती 'वाढलेली' म्हणून येते. तिलाच आपण गाठ म्हणतो. म्हणजे ते मोजमाप झालं, आजाराचं नाव त्यात नसतं. आपल्याकडे टीबी हे फार मोठं कारण. त्याखेरीज सारकॉइडोसिस, फुप्फुसाचा कॅन्सर, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचाच कॅन्सर, दगडाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांना होणारा सिलिकोसिस, अशी बरीच कारणं असू शकतात. चित्र बघून अंदाज बांधता येतो, खात्री नमुन्यावरच होते.

डॉक्टर गाठींना नंबरानं ओळखतात. श्वासनळी जिथे दुभंगते त्या फाट्याच्या खालची ती ७ नंबर, नळीच्या उजवीकडे खालच्या बाजूची '४ आर'. आमच्याकडे तर "आज सेव्हन आहे" एवढं म्हटलं की रूममध्ये सगळ्यांना कळतं. तुम्ही नंबर पाठ करायची गरज नाही. एकच विचारा : "ही गाठ श्वासनळीला टेकून आहे की लांब आहे?" सुई कुठल्या वाटेनं जाणार ते त्यावर ठरतं.

नळीला टेकून असेल तर ईबस. तोंडातून दुर्बीण श्वासनळीत जाते, तिच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो आणि गाठ डोळ्यांसमोर ठेवूनच नळीच्या भिंतीतून सुई आत जाते. गाठ छातीच्या हाडामागे पुढच्या बाजूला असेल, किंवा डावीकडे महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी यांच्या खोबणीत असेल, तर ईबसची सुई तिथे सहसा नेता येत नाही. मग सीटी-गायडेड, म्हणजे सीटीच्या मशिनमध्ये झोपवून बाहेरून, छातीच्या कातडीतून सुई. अन्ननलिकेलगतच्या खालच्या गाठींना अन्ननलिकेतूनही गाठता येतं. आणि मानेत हाताला लागणारी गाठ असेल तर छातीत शिरायचं कारणच उरत नाही. ती डॉक्टरांना आवर्जून दाखवा. एका आजींच्या गळसरीखाली चांगली बोराएवढी गाठ होती आणि छातीचा सीटी होईपर्यंत ती कुणाला दिसलीच नव्हती.

सुई पूर्वीही घालत होते, पण अंदाजानं. श्वासनळीच्या आतून सुई टोचून गाठीचा नमुना घेण्याची कल्पना अर्जेंटिनाच्या शिएप्पाती यांनी १९४९ मध्ये मांडली. पुढची कितीतरी वर्षं सीटी बघायचा, मनात जागा धरायची आणि टोचायचं, असंच चालायचं. या शतकाच्या सुरुवातीला ईबस आलं आणि सुईचं टोक पडद्यावर दिसायला लागलं. ईबसमध्ये त्रास होण्याचं प्रमाण शंभरात एक-दीडच्या आसपास सांगतात, तेही बहुतेक किरकोळ.

गोळ्यांची पिशवी

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ऐन वेळी परत पाठवलेले बहुतेक पेशंट गोळ्यांपायी परत गेलेत.

"रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?" असं विचारलं की दहातले पाच जण नाही म्हणतात. मग पिशवी उघडली की त्यातून इकोस्प्रिन निघते. "ही होय? ही हृदयाची ओ." म्हणून तोंडी सांगू नका, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं उचलून आणा. इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच. नुसती अ‍ॅस्पिरिन असेल तर बहुधा त्यावरच ईबस करतात. क्लोपिडोग्रेल असेल तर साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करावी लागते. आता गंमत बघा. इकोस्प्रिनचंच 'गोल्ड' नावाचं पाकीट येतं, त्यात अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलही असतं. नाव तेच, काम वेगळं. एसिट्रॉम किंवा वॉरफेरिन चालू असेल तर काही दिवस आधी थांबवून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासतात. एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन अशा नव्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी थांबवतात.

मात्र यातली एकही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. हृदयात स्टेंट घालून थोडेच महिने झाले असतील तर गोळी थांबवणं हे सुईपेक्षा मोठं संकट ठरू शकतं. हृदयाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा : कुठली गोळी, कोणत्या तारखेपासून बंद, परत कधी चालू. हार्ट अ‍ॅटॅक येऊन चार-सहा आठवडेही झाले नसतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा, तपासणी पुढे ढकलतात. झाडपाल्याचं औषध, गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या चालू असतील तर त्याही दाखवा. त्यात काय मिसळलंय ते पुडी देणाराच जाणे.

उलट्या बाजूनंही एक सांभाळा. नमुना घ्यायच्या आधी 'बघू तरी' म्हणून टीबीच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड सुरू करून घेऊ नका. टीबीच्या गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये नमुन्यातले जंतू वाढवून बघतात त्यात, ते वाढायची शक्यता घटते. स्टेरॉइडनं लिम्फोमाच्या गाठी तात्पुरत्या आक्रसतात आणि सुईला हवं ते मिळत नाही. खोकल्यासाठी सर्रास लिहून दिली जाणारी लिव्होफ्लॉक्सासिनसुद्धा टीबीवर थोडी चालते, त्यामुळे टीबी काही दिवस दबून राहतो. आधीच असं काही घेतलं असेल तर लपवू नका. कुणी रागावणार नाही, फक्त लॅबच्या कागदावर ते लिहावं लागतं.

मधुमेहवाल्यांनी इन्सुलिन आणि सकाळच्या गोळ्यांचं आदल्या दिवशीच विचारून घ्यावं. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेऊन आलेला पेशंट घामानं निथळत खुर्चीत कलंडलेला मी पाहिलाय. बीपीची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

कार्ड, कागद आणि भाषा

पैशांचं आधी विचारा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकात बऱ्याच मोठ्या उपचारांना सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले योजना लागू करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला, चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्यांकडे ते कार्ड असतंच. पण कुठलं कार्ड कुठल्या दवाखान्यात, कुठल्या तपासणीला चालतं हे काउंटरवर तपासणीच्या आधी विचारा. ईबसची सुई महाग असते आणि सामानाचं बिल बऱ्याचदा वेगळं येतं.

संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल. वाचता येत नाही म्हणून मुकाट्यानं अंगठा किंवा सही करू नका. "मराठीत सांगा की जरा" म्हणा. बेळगावात हे अवघड नाही, वॉर्डातल्या मामांपासून डॉक्टरांपर्यंत दोन्ही भाषा बोलणारे हाताशी असतात. काय करणार, काय होऊ शकतं आणि नाही केलं तर दुसरा मार्ग कुठला, एवढ्या तिन्हींचं उत्तर मिळाल्यावर सही करा.

त्या दिवशी सकाळी

सहा तास पोटात काही नको. पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. चहा म्हणजे पाणी नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं. दूध घातलेला अर्धा कप चहासुद्धा खाण्यातच धरतात. पोट भरलेलं असताना उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर सुईच्या दहापट त्रास होतो. कवळी, नथ, गळ्यातलं काढून घरच्यांकडे द्या. हलणारा दात असेल तर सांगा. जुने सीटी, एक्स-रे, पेट स्कॅन झाला असेल तर त्याची सीडी, सगळं बरोबर हवं. आणि सोबत एक धडधाकट माणूस. गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर चोवीस तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. 'बुलेटवर एकटाच आलोय' म्हणणाऱ्याला आम्ही आत घेत नाही.

ईबसच्या टेबलावर

आधी घशात बधिर करणारा स्प्रे मारतात. तो कडू जहर असतो. थोड्या वेळानं घसा सुजल्यासारखा वाटतो, थुंकी गिळता येत नाहीसं वाटतं. घाबरू नका, घसा फक्त बधिर झालेला असतो, श्वास चालूच राहतो. नाकाला ऑक्सिजन, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी, मग शिरेतून गुंगीचं औषध. दुर्बीण स्वरयंत्रातून जाताना खोकला येतो. एकदा पलीकडे गेली की नळीतही औषध सोडतात आणि खोकला बसतो. बोलता येत नाही, म्हणून आधी ठरवून घ्या : त्रास झाला तर डावा हात वर. हात कधीही तोंडाकडे न्यायचा नाही. एका मामांनी गुंगीत दुर्बीणच धरली होती.

पडद्यावर गाठ राखाडी-काळसर गोल दिसते. शेजारची रक्तवाहिनीही तशीच काळी गोल दिसते, आणि खरी गोम इथेच आहे. डॉक्टर डॉप्लरचं बटण दाबतात आणि रक्तवाहिनी लाल-निळी होऊन लकाकू लागते. गाठ होती तशीच राहते. रंग बघून झाल्याशिवाय सुई बाहेर येत नाही. मग सुई गाठीत जाते, पडद्यावर एक पांढरी रेघ तिरकी आत शिरताना दिसते, दहा-पंधरा वेळा पुढेमागे होते आणि बाहेर येते. आतला माल काचेवर ढकलला की ओल्या शेवईसारखा लालसर धागा पडतो. तो धागा पडला की रूममधल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. एका गाठीतून साधारण तीनदा घेतात. कॅन्सरच्या जनुकीय तपासण्या करायच्या असतील तर आणखी एक-दोनदा. पॅथॉलॉजिस्ट तिथेच मायक्रोस्कोप घेऊन बसलेले असले तर लगेच सांगतात, "मटेरियल आहे, पुरे." अशी सोय आहे का ते विचारायला हरकत नाही.

फुप्फुसाच्या कॅन्सरची पायरी (स्टेज) ठरवायची असेल तर सुरुवात आजाराच्या उलट्या बाजूच्या गाठीपासून करतात. आधी आजाराच्या बाजूची टोचली आणि तीच सुई पलीकडे नेली, तर पेशी सुईबरोबर जाऊन आजार आहे त्यापेक्षा पुढचा दिसायचा. "दुखतंय उजवीकडे आणि हे डावीकडे का टोचतात?" याचं उत्तर हे.

सीटीच्या मशिनमध्ये

इथे पेशंट जागा असतो आणि निम्मं काम त्याच्याच हातात असतं. गाठ कुठे आहे त्याप्रमाणे उताणं, पालथं किंवा कुशीवर झोपवतात. जागा बधिर करतात, आधी एक पोकळ सुई गाठीपर्यंत नेतात आणि तिच्या आतून दुसरी सुई घालून तुकडे घेतात. म्हणजे तुकडे तीन-चार, पण भोक एकच. छातीच्या हाडाच्या दोन्ही कडांना एक-दीड सेंटिमीटरवर एक धमनी खाली उतरते, ती टाळूनच वाट आखावी लागते. मधे फुप्फुस येत असेल तर कधी कधी सलाइन सोडून ते बाजूला सरकवतात. बोळातून गाडी नेताना पुढची बैलगाडी जरा कडेला घ्यायला लावतो तसं. फुप्फुस न भोसकता वाट मिळाली की हवा गळायची भीती बरीच कमी होते. फुप्फुसातूनच सुई न्यावी लागली तर मात्र चार-पाच जणांत एकाच्या छातीत थोडी हवा साठते. बहुतेकांची आपोआप जिरते, थोड्यांना नळी घालावी लागते.

श्वास दरवेळी सारखाच धरायचा असतो. एकदा खोल, एकदा उथळ घेतला की गाठ खाली-वर सरकते आणि सुईचा नेम हुकतो. मशिनमधून रेकॉर्ड केलेला आवाज येतो, आणि तो कन्नडमध्ये असू शकतो : "उसिरु तगोळ्ळी", श्वास घ्या. "हिडकोळ्ळी", धरून ठेवा. "बिडी", सोडा. निपाणीच्या एका मावशींनी जन्मभर विड्या वळल्या होत्या. 'बिडी' ऐकून त्या झोपल्या जागी हसायला लागल्या, "इथंबी बिडी!" सगळी छाती हलली आणि सीटी परत काढावा लागला. तेव्हापासून मी आत जाण्याआधी हे तीन शब्द सांगून, दोनदा श्वास धरायला लावून बघते. तुम्हीही घरी दहा सेकंद श्वास धरायचा सराव करा, आणि खोकला येत असेल तर सुई आत असताना नव्हे, आधीच सांगा.

बाटल्या

आता माझी चूक सांगते. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, दुसऱ्या एका ठिकाणी होते. सुंदर नमुना आला होता. मी सगळाच्या सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला आणि झाकण लावलं. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "कल्चरचं कुठंय?" फॉर्मेलिनमध्ये पेशी टिकतात पण जंतू मरतात. टीबीचं कल्चर त्यातून होऊच शकत नाही. त्या मुलीला पुन्हा उपाशीपोटी बोलवावं लागलं. तिची आई मला एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

म्हणून नमुना वाटून ठेवतात. पेशींची रचना बघायला फॉर्मेलिन. टीबीच्या सीबीनॅट (जंतूंचे जनुक शोधणारी मशिनची तपासणी) आणि कल्चरसाठी साधं निर्जंतुक सलाइन, फॉर्मेलिनचा थेंबही नको. लिम्फोमाची शंका असेल तर फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशींचे प्रकार मशिनवर ओळखायच्या तपासणीसाठी, वेगळी बाटली. घरच्यांनी तपासणीच्या आधी एवढंच विचारावं : "डॉक्टर, टीबीचंपण पाठवणार ना?" हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. मला त्या दिवशी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं.

दुसरं म्हणजे नाव. आमच्या यादीत एका दिवशी तीन पाटील असतात, त्यात दोन मारुती. बाटलीवर नाव, वय आणि दवाखान्याचा नंबर आहे का ते वाचून बघा. लॅब बाहेरची असेल आणि बाटल्या तुमच्याच हातात दिल्या तर वाटेत चहाला थांबू नका, उन्हात गाडीत ठेवू नका, आणि पोच पावती घ्या.

घरी जाताना

ईबसनंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण दोन तास, काही खायचं-प्यायचं नाही. मग आधी घोटभर पाणी, ठसका लागला नाही तर पुढे पेज. एखाद दिवस थुंकीत रक्ताच्या बारीक रेघा, घसा खवखवणं, किंचित ताप चालतो. सीटीवाल्यांना सुई टोचलेली बाजू खाली करून झोपवतात आणि काही तास थांबवून एक्स-रे काढतात. त्याआधी 'बस चुकेल' म्हणून उठू नका.

कणकुंबी-जांबोटीकडच्यांना माझं सांगणं असतं की ती रात्र शहरात पाहुण्यांकडे काढा. पावसाळ्यात तिकडे रेंज नसते, आणि गरज पडली तर ती रात्रीच पडते. एकाएकी दम लागणं, एका बाजूला छातीत कळ, तोंड भरून रक्त, ओठ निळे पडणं, यांतलं काहीही झालं तर जवळच्या इमर्जन्सीत जा आणि 'आज छातीत सुई टोचली होती' हे पहिलं वाक्य सांगा. दिवसभरानंतरही थंडी वाजून ताप येत राहिला, मग तो आठवड्यानं का असेना, तरी फोन करा. आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण तो अंगावर काढण्यासारखा नसतो.

रिपोर्ट

सगळे रिपोर्ट एकदम येत नाहीत. सीबीनॅट दोन तासांचं काम, हातात यायला एक-दोन दिवस लागतात. पेशींचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. कल्चर मात्र सहा आठवडेही घेतं. गाठीत जंतू थोडे असतात, म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं होत नाही. कल्चरचा रिपोर्ट न्यायला लोक विसरतात. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. 'नमुना अपुरा' असं आलं तर त्याचा अर्थ काही नाही असा धरू नका, त्याचा अर्थ अजून कळलेलं नाही एवढाच. पुन्हा सुई, मोठा तुकडा किंवा छोटं ऑपरेशन लागू शकतं, लिम्फोमात तर बऱ्याचदा लागतं.

टीबी निघाला तर सरकारी केंद्रात नोंद करून घ्या. गोळ्या फुकट आहेतच, शिवाय निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. कॅन्सर निघाला आणि मिरज, कोल्हापूर किंवा मुंबईला जायचं ठरलं, तर निघण्याआधी लॅबमधून नमुन्याच्या काचा आणि नमुना ज्यात बसवून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तिकडचे डॉक्टर तेच मागतात, आणि ब्लॉक हातात असला तर बऱ्याचदा दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही. मागताना अर्ज लिहावा लागतो, ओळखपत्राची झेरॉक्स लागते, आणि लॅब दुपारी जेवायला बंद असते. सकाळीच जा.